वेल्समधलं जुनं दगडी घर सुट्टीसाठी विकत घ्यावं का? भिंतीला ओल आहे.

तुमच्या प्रश्नातून मला समजलं ते असं: बर्मिंगहॅमला तुमचं स्वतःचं घर आहे. लॅम्पीटरजवळच्या एका खेड्यात दोनेकशे वर्षांचं दगडी घर 2,40,000 पाउंडांना विक्रीला आहे. महिन्या-दोन महिन्यांनी सुट्टीला जाऊन राहायचा विचार आहे. एका खोलीत ओल दिसते, पण एजंट म्हणतो की भिंतीत केमिकल भरलं की जाईल. आणि घराचं नाव बदलता येईल का, हेही विचारलंय.

मी याच केरेडिगिऑन जिल्ह्यात अकरा वर्षं अशाच घरात राहतो. तिथे राहायला जाणार असाल तर जरूर घ्या. नुसतं सुट्टीसाठी हवं असेल तर घेऊ नका. दोन्ही गोष्टी मी त्या भिंतीकडे बघूनच सांगतोय.

ही भिंत साधारण दोन फूट जाड असते. बाहेरून दगडाचा एक थर, आतून एक थर, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड आणि माती. सांधे चुन्याचे किंवा मातीचे, वर चुन्याचा गिलावा, त्यावर चुन्याचा हात. पायात ओल अडवणारा थर नसतो, कारण तो कधी लागलाच नाही. पावसाचं पाणी भिंत थोडं पिते आणि ऊन-वारा आला की चुन्यातून बाहेर सोडते. आतल्या बाजूने तेच काम चूल करायची. इथल्या जुन्या घरांत एका टोकाला माणूस आत उभा राहील एवढी मोठी चूल असते, तिला 'सिम्ने वाउर' म्हणतात. तिच्यात वर्षभर विस्तव असायचा, धुराड्यातून हवा ओढली जायची आणि घर कोरडं राहायचं.

माझं आजोळ राजापूरचं. तिथलं जांभ्याचं घर मामा मुंबईला गेल्यावर बंद राहिलं आणि चार पावसाळ्यांत वाशांना वाळवी लागली. आजी म्हणायची, घराला माणसांचा वावर लागतो. वेल्सच्या या घरांना तो तितकाच लागतो. तुम्ही दोन महिन्यांनी शुक्रवारी रात्री पोचणार, गारठलेल्या भिंतींत दोन दिवस हीटर लावणार, आंघोळीची-स्वयंपाकाची वाफ त्या भिंतींवर जिरवणार आणि रविवारी दार ओढून निघणार. ओल त्यानेच वाढेल. शिवाय बहुतेक विमा पॉलिसींत घर सलग 30 किंवा 60 दिवसांहून जास्त रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं, ती अट नीट वाचा.

आता केमिकलबद्दल. मी ही चूक केली आहे, म्हणून कळकळीने सांगतो. एका कंपनीच्या माणसाने भिंतीला टोचायचा मीटर लावला, लाल दिवा दाखवला आणि खालच्या बाजूने ओळीने भोकं पाडून रसायन भरलं. वर सिमेंटचा गिलावा केला. दोन वर्षांनी त्या गिलाव्याच्या वरच्या कडेला पोपडे धरले. तो मीटर मुळात लाकडासाठी बनवलेला असतो, भिंतीत क्षार असले तरी तो ओल दाखवतो. आणि जिच्या पोटात माती आणि पोकळ्या आहेत, त्या भिंतीत रसायनाचा सलग थर बसतच नाही.

खरं कारण गावातल्या म्हाताऱ्या गवंड्याने अर्ध्या तासात दाखवलं. आधीच्या मालकांनी बाहेरून दरजा सिमेंटने भरल्या होत्या. सिमेंटला केसाएवढ्या चिरा पडतात, त्यातून पाणी आत जातं आणि बाहेर यायची वाट मात्र बंद. मागच्या बाजूला वर्षानुवर्षं माती साठून अंगण आतल्या जमिनीपेक्षा वीतभर उंच झालं होतं. पन्हळीत पानं अडकून पागोळीचं पाणी भिंतीवरून ओघळत होतं. आम्ही पन्हळ साफ केली, माती खणून काढली, खडी भरून चर काढला, सिमेंट छिन्नीने हळूहळू उतरवलं आणि एक अख्खा उन्हाळा भिंत तशीच उघडी ठेवली. मग चुना. चुन्याचं काम थंडीत करू नका, 5 अंशांच्या खाली तो नीट धरत नाही. गिलाव्यावर ओलं गोणपाट टाकून तो सावकाश वाळू द्यावा लागतो. आजोळी घाण्यावर चुना मळायचे असं ऐकलं होतं, स्वतः हात घातला तो इथे येऊन.

म्हणून ओल बघून घाबरू नका, ओलीचं कारण शोधा. बँकेची मूल्यांकनाची पाहणी पुरेशी नाही. लेव्हल 3 चा पूर्ण सर्व्हे करून घ्या, तोही जुन्या चुन्याच्या घरांचा अनुभव असलेल्या सर्व्हेयरकडून. आतली जमीन सत्तर-ऐंशीच्या दशकात प्लास्टिक घालून काँक्रीटची केली असेल तर खालची ओल भिंतींकडे सरकते, ते विचारा. घर कॅडूच्या संरक्षित इमारतींच्या यादीत आहे का पाहा. कॅडू म्हणजे वेल्स सरकारचा वारसा जपणारा विभाग. यादीतल्या घरात परवानगीशिवाय केलेले बदल हा गुन्हा ठरतो. छपरात वटवाघळं असली तर त्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. सांडपाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर त्याची नोंदणी 'नॅचरल रिसोर्सेस वेल्स'कडे झालेली हवी. पाणी झऱ्याचं किंवा बोअरचं असेल तर जंतूंबरोबर शिशाचीही तपासणी करा, कारण या डोंगरांत शिशाच्या जुन्या खाणी आहेत.

पैशांचं गणित एजंट सांगणार नाही. वेल्समध्ये 2018 पासून घरखरेदीचा कर वेगळा आहे. बर्मिंगहॅमचं राहतं घर विकून त्याच्या जागी हे घेतलंत तर 2,25,000 पाउंडांपर्यंत कर नाही आणि वरच्या 15,000 वर 6 टक्के, म्हणजे 900 पाउंड. दुसरं घर म्हणून घेतलंत तर 11 डिसेंबर 2024 पासूनच्या दराने पहिल्या 1,80,000 वर 5 टक्के, पुढच्या 60,000 वर साडेआठ टक्के, एकूण 14,100 पाउंड. दुसरं घर ठरवताना जगात कुठेही असलेलं घर धरतात, तेव्हा पुण्यात तुमच्या नावावर फ्लॅट असेल तर वकिलाला आधीच सांगा. शिवाय एप्रिल 2023 पासून कौन्सिल, म्हणजे इथली स्थानिक संस्था, दुसऱ्या घरावर नेहमीच्या कौन्सिल टॅक्सच्या (आपल्या घरपट्टीसारखा कर) वर आणखी 300 टक्क्यांपर्यंत आकारणी करू शकते.

हे नियम परक्यांना त्रास द्यायला केलेले नाहीत. इथली शाळा, दुकान, चॅपल आणि भाषा बारा महिने राहणाऱ्या माणसांवर चालते. केरेडिगिऑनमध्ये 2011 ला 47.3 टक्के लोक वेल्श बोलत होते, 2021 च्या जनगणनेत ते 45.3 टक्क्यांवर आले. घरं सुट्टीवाल्यांकडे गेली की गावातल्या तरुणांना गावात घर परवडत नाही. या रागातून 1979 पासून पुढची दहा-बारा वर्षं सुट्टीची घरं जाळली गेली. जाळपोळीचं समर्थन कोणी करू नये, पण दुखणं खरं होतं आणि अजून आहे.

नाव बदलू नका, ही माझी विनंती. घराचं नाव 'हेन्द्रे' असेल तर ते हिवाळ्यातलं मूळ घर, 'हाव्हॉड' असेल तर उन्हाळ्यात गुरं वर चरायला नेल्यावर राहायची जागा. त्या नावात त्या जमिनीचा वापर लिहिलेला आहे. तुमचं मराठी नाव दाराच्या आत लावा. मी तेच केलंय, आणि पोस्टमनपासून शेजारच्या मेंढपाळापर्यंत सगळे मला आडनावाने नाही, घराच्या नावाने ओळखतात.

वेल्समध्ये एक जुनी समजूत आहे, 'टी इननॉस', म्हणजे एका रात्रीचं घर. गावाच्या सामाईक जमिनीवर रातोरात घर उभारून सूर्योदयाला त्याच्या धुराड्यातून धूर काढून दाखवला, तर ते घर त्या माणसाचं. कायद्यात याला आधार नव्हता, पण मला ती समजूत फार आवडते, कारण तिच्यात घरावरचा हक्क धुरावर ठरतो.

पाहायला जाण्याआधी जमलं तर कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात एक दिवस काढा, प्रवेश मोफत आहे. तिथे कार्नार्व्हनजवळच्या रॉस्ट्रिव्हानहून एक-एक दगड उचलून आणलेलं 1762 चं 'लाइनव्हादिन' नावाचं घर आहे. आत झोपण्याच्या जागेवर पोटमाळा, त्याला इथे 'क्रोगलॉफ्ट' म्हणतात. ते घर आतून पाहिलंत की एजंटने दाखवलेल्या घरात काय मूळचं आणि काय नंतर लिंपलेलं, हे तुमचं तुम्हालाच दिसेल.

आणि घर पाहायला ऊन असलेला दिवस निवडू नका. धो-धो पाऊस असताना जा, आधी बाहेरून एक फेरी मारा, पाणी पन्हळीतून जातंय की भिंतीवरून ते बघा. मग आत जाऊन चुलीच्या तोंडाशी हात धरा आणि वरून हवा ओढली जाते का पाहा. धुराडं बुजवलेलं असेल तर ते कधी आणि का बुजवलं, हे एजंटला नाही, शेजाऱ्यांना विचारा.