हात हलवायचे की बटणं दाबायची?

प्रश्न: सदाशिव पेठेत दोन खोल्यांत राहतो, मुलाला सेकंडहँड काइनेक्ट (एक्सबॉक्सला जोडायचा, अंग हलवून गेम खेळायचा कॅमेरा) हवाय, त्याचा मामा म्हणतो वी (निन्टेन्डोचा, रिमोट हलवून खेळायचा गेम कन्सोल) घ्या, घरात रोज वाद. काय घेऊ? – एक बाबा, पुणे

उत्तर: अहो, आधी खोली मोजा! काइनेक्ट (२०१०) इन्फ्रारेड ठिपके टाकून अख्खं अंग बघतो, त्याला समोर सहाएक फूट मोकळी जागा लागते, आणि पेठेत तेवढ्यात पलंग, कपाट नि आजींची खुर्ची बसते. २००६च्या वीचं उलटंच, कॅमेरा रिमोटमध्ये, टीव्हीजवळची पट्टी नुसता प्रकाश सोडते, १० कोटींवर खपला तो. सोनीचा मूव्ह हा प्लेस्टेशनचा हातात धरायचा रिमोटही २०१०चाच, त्याचा चमकता गोळा कॅमेरा शोधतो. मी मामांच्या बाजूने, फक्त रिमोटची दोरी मनगटात घालायला लावा, आमची एक ट्यूबलाइट गेलीये.