‘पिंजरामुक्त’ अंडी आणि जाळीतल्या कोंबड्या

प्रश्न : गेले चौदा महिने आम्ही ‘पिंजरामुक्त, आनंदी कोंबड्यांची’ असा मजकूर असलेली अंडी जादा दराने घेतो. या कंपनीला अंडी पुरवणाऱ्या पोल्ट्रीचा व्हिडिओ ओळखीच्या टेम्पोचालकाने पाठवला. त्यात कोंबड्या जाळीच्या मजल्यांवर दाटीने दिसतात. प्राणिक्रूरतेची तक्रार करू का? पैसे परत मिळतील का? व्हिडिओ सगळीकडे पाठवला तर चालेल का?

उत्तर : आधी व्हिडिओ थांबवत थांबवत पुन्हा पाहा. जाळी आणि मजले दिसले म्हणजे पिंजराच, असं नाही. बहुमजली मोकळ्या शेडमध्येही जाळीचे मजले असतात, पण कोंबडी तिथून उतरून खाली तुसावर येऊ शकते; बसायला दांड्या आणि अंडी घालायला आडोशाची खोकी असतात. दारं बंद असलेले कप्पे आणि कप्प्यापुढच्या उतरत्या जाळीवर घरंगळत आलेली अंडी दिसली, तर मात्र तो पिंजरा. ‘पिंजरामुक्त’ म्हणजे उघड्यावर चरणारी कोंबडी, हाही गैरसमज आहे. बंद शेडमध्ये गर्दीने ठेवलेली कोंबडीही त्या शब्दात बसते.

क्रूरतेच्या तक्रारीवर भर देऊ नका. पिंजऱ्यात कोंबड्या पाळण्यावर सरसकट बंदी नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठीच्या 2023 च्या नियमांनी प्रत्येक पक्ष्यामागे किमान 550 चौरस सेंटिमीटर जागा सांगितली आहे. एक ए-फोर कागद यापेक्षा मोठा असतो. शिवाय प्राणिक्रूरता रोखण्याच्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 खाली पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. एवढ्याने कंपनीला घाम फुटणार नाही.

तुमची बाजू भक्कम आहे ती लेबलावरच्या शब्दामुळे. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ‘जाहिरात’ या व्याख्येत लेबल आणि वेष्टनही येतं, त्यामुळे खोटं लेबल ही दिशाभूल करणारी जाहिरात ठरते. ‘आनंदी’ हा शब्द सोडून द्या, तो विक्रेत्याचा फुगारा मानला जाईल. ‘पिंजरामुक्त’ हे वस्तुस्थितीचं विधान आहे, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबतच्या 2022 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार असा दावा सिद्ध करण्याची तयारी जाहिरातदाराकडे असायला हवी. प्रयोगशाळेवर पैसे घालवू नका. अंडं तपासून ते पिंजऱ्यातलं की मोकळ्या शेडमधलं, हे खात्रीने कळत नाही. युरोपीय संघात अंड्यावर पाळण्याच्या पद्धतीचा 0 ते 3 असा आकडा छापतात, तसा सक्तीचा शिक्का आपल्याकडे नाही. म्हणून सगळी भिस्त कागदावर.

खोकं फेकू नका. त्याच्या सर्व बाजूंचे फोटो काढा. बॅच क्रमांक, पॅकिंगची तारीख आणि चौदा अंकी अन्न परवाना (FSSAI) क्रमांक नीट वाचता आला पाहिजे. बिलं किंवा ऑनलाइन ऑर्डरच्या नोंदी जमवा. मग कंपनीला ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने विचारा : दाव्याला प्रमाणपत्र कोणाचं, क्रमांक आणि मुदत काय, त्यात कोणत्या पोल्ट्री येतात, शेवटची तपासणी कधी झाली, आणि या बॅचची अंडी नेमकी कुठली? शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. मागणी वाढली की प्रमाणित नसलेल्या पोल्ट्रीची अंडी त्याच खोक्यात भरली जाऊ शकतात. प्रमाणपत्र खरं असतं, खोक्यातला माल नाही. उत्तराला पंधरा दिवस द्या.

उत्तर टाळाटाळीचं आलं तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे नाही मिटलं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात जा. दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणून चालढकल नको. मागणी जादा दिलेल्या दराची, मानसिक त्रासाची आणि खर्चाची करा. खाल्लेल्या अंड्यांची पूर्ण किंमत मिळेल अशी आशा धरू नका.

आयोगाकडून तुम्हाला पैसे मिळतील, पण सगळ्याच ग्राहकांसाठी लेबल बदलायला लावायचं असेल तर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळी तक्रार द्या. ती जिल्हाधिकाऱ्यांकडेही देता येते. प्राधिकरण जाहिरात थांबवू शकतं आणि पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत दंड करू शकतं. अन्न व औषध प्रशासनालाही एक प्रत पाठवा.

व्हिडिओ तूर्त कुठेही टाकू नका. तो त्याच पोल्ट्रीचा आणि तुमच्या बॅचच्या काळातला आहे हे दाखवता आलं नाही, तर बदनामीचा दावा तुमच्यावरच उलटेल. आणखी चित्रण करायला कुंपण ओलांडून आत जाऊ नका. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, व्हॉट्सॲपवर फिरलेली प्रत पुरेशी नाही. ज्याच्या फोनवर चित्रण झालं त्याच्याकडून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल, त्यामुळे त्या चालकाला पुढे यायची तयारी आहे का, हे आधी विचारा. तो नाही म्हणाला, तर व्हिडिओ बाजूला ठेवून कंपनीच्या लेखी उत्तरावरच तक्रार उभी करा.