बोटीच्या बुशला नायलॉन नको
अरे, सुकाणूच्या बुशला, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीला, नायलॉन स्वस्त पडतो म्हणून घेऊ नकोस, ‘नायलॉन ६’ हा प्रकार पाण्यात राहून राहून वजनाच्या ९ टक्क्यांपर्यंत पाणी पितो, फुगतो आणि शाफ्टच जाम करतो. आपल्या मिरकरवाडा बंदरात सगळं कामच खाऱ्या पाण्यातलं, तिथे अ‍ॅसिटल प्लास्टिक म्हणजे डेलरिनच बरा, तो १ टक्कासुद्धा पाणी धरत नाही, ग्रीस कमी असलं तरी छान सरकतो आणि लेथवर काय सुंदर कापला जातो! फक्त गरम झाला की स्टीलच्या आठ-नऊ पट पसरतो, म्हणून क्लिअरन्स, म्हणजे शाफ्ट आणि बुशमधली फट, पितळेच्या बुशपेक्षा जास्त ठेव. टेफ्लॉन याहून गुळगुळीत, पण लोडखाली हळूहळू दबत जातो. आणि डेलरिनचा बुरादा जाळू नकोस हां, फॉर्मल्डिहाइड सुटतो, डोळे भयंकर झोंबतात.