हिरड्या खराब असताना तारा लावल्या तर दात पडतील का?

जळगावात दातांच्या दवाखान्यात समुपदेशनाचं काम करताना चाळिशी-पन्नाशीतली माणसं हा प्रश्न हमखास विचारतात. अमळनेरकडच्या एका अंगणवाडी सेविकेने तो सरळ अहिराणीत विचारला, "मना दात पडी जातीन का, ताई?" वरचे पुढचे दात बाहेर आलेले, मधे फट. बोलताना पदर तोंडाशी जायचा. हिरड्या खराब असताना तारा लावल्या की दात हातात येतात, असं शेजारणीने सांगून ठेवलेलं.

मी विचारलं, "लग्नात ही फट होती का?"

"नाही हो. पाच-सहा वर्षांत पडली."

खरी गोष्ट इथेच होती. मोठेपणी दात असे फाकायला लागले, तर अनेकदा हिरड्यांच्या आजाराने दातांना धरून ठेवणारं हाड झिजलेलं असतं. आधार कमी झाला की जिभेच्या आणि चावण्याच्या जोरानेही दात सरकतात. म्हणजे शेजारीण ज्याची भीती घालत होती ते ताराविनाच सुरू झालं होतं.

डॉक्टरांनी बारीक, खुणा असलेल्या सळईने प्रत्येक दाताभोवतीची खोली मोजली आणि मी आकडे लिहून घेतले: तीन, तीन, सहा, सात. निरोगी हिरडीत ही खोली 1 ते 3 मिलिमीटर असते. सातचा आकडा ऐकून ताईंनी माझा हात धरला. त्या रोज मिश्री लावत. "ती लावली की रक्त कमी येतं," म्हणाल्या. रक्त कमी दिसतं हे खरं, पण तंबाखूने आजार झाकला जातो, आत हाड झिजतच राहतं. रक्त येतं त्या जागी ब्रश फिरवायचंही त्यांनी सोडलं होतं. मिश्री सोडवायला सगळ्यात जास्त वेळ गेला, घरात सासूबाईही लावायच्या.

मुळांपर्यंत सफाई झाली, तीन महिन्यांची सरासरी साखर तपासली, दातांमधल्या फटींसाठी छोटा ब्रश दिला. काही महिन्यांनी पुन्हा मोजलं तेव्हा बहुतेक आकडे तीन-चारवर आले होते, रक्त थांबलं होतं. मगच तारा लावल्या, त्याही अगदी हलक्या जोराच्या. हिरड्यांच्या आजारावरचे उपचार यशस्वी झाल्यावर असे सरकलेले दात तारांनी जागेवर आणावेत, असं 2022च्या युरोपियन मार्गदर्शक सूचनाही सांगतात. सूज आणि पू तसाच ठेवून दात ओढले, तर मात्र हाड आणखी वेगाने जातं. म्हणून माझं ठाम मत आहे: हिरड्या न मोजता तारांची तारीख देणाऱ्याकडे जाऊ नका.

त्यांचे यजमान म्हणाले, "आता या वयात तारा?" वयाची आडकाठी नाही, हिरड्या बऱ्या हव्यात, एवढंच मी त्यांना सांगितलं.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगून ठेवल्या. दात जवळ आले तरी हिरडी मागे सरकल्यामुळे मधे काळे त्रिकोण दिसू शकतात. आणि तारा निघाल्यावर दातांच्या मागे बारीक तार कायमची राहते, नाहीतर दात पुन्हा फाकतात. दर तीन महिन्यांची सफाईही चुकवायची नाही, तारा असतानाही आणि नंतरही. ताईंनी विचारलं, "मंग सफाईले सासूबाईलेबी लई येऊ का?" मी दोघींना एकाच दिवसाची वेळ दिली.