आधी श्वास मोज

प्रिय बाय,

वाळपईहून आलेलं तुझं पत्र वाचलं. फ्लू होऊन दोन आठवडे झालेला माणूस पायांना मुंग्या येतात म्हणतो, जिना चढताना गुडघे दुमडतात, ऑक्सिजन मात्र ९८. आणि तू विचारतेस, एवढ्यावर अ‍ॅम्ब्युलन्सची गाडी बोलावली तर सीनियर हसतील का? हसू देत.

आधी हातोडी काढ. गुडघ्यावर, घोट्यावर टकटक केल्यावर पाय झटका देत नसेल, म्हणजे जर्क लागत नसतील, आणि दोन्ही पायांतलं बळ सारखंच गेलं असेल, तर जीबीएस धरूनच चाल, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते तो आजार. बी-१२ लिहून घरी धाडू नकोस. लघवी अडली असेल, पोटावरच्या एका रेषेखाली स्पर्श कळत नसेल, तर दुखणं मज्जारज्जूचं. गुंगी आणि फिट असेल तर मेंदूचं. तेही घाईचंच.

मग श्वास मोज. छाती भरून श्वास घ्यायला लाव आणि एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला सांग, सेकंदाला दोन. कोंकणीत म्हणू दे, काही बिघडत नाही. निरोगी माणूस तिशी सहज ओलांडतो. हा विसाच्या आत अडला तर १०८ लाव. पंचविसावर थांबला तरी गाफील राहू नकोस, दोन तासांनी पुन्हा मोज. उशीवरून डोकं उचलता येतं का, तेही बघ. मान गळली की श्वासाचे स्नायूही थकत आलेले असतात.

ऑक्सिमीटर इथे फसवतो. फुप्फुस धड आहे, भाता ओढणारे हात थकलेत. आधी कार्बन डायऑक्साइड साचतो, ऑक्सिजन पडतो तो अगदी शेवटी. वॉर्डात मला 'आकडेवाला' म्हणतात, ठाऊक आहे. रात्री ज्युनिअर पोरांना उठवून पेशंटचा श्वास मोजायला लावतो, तोंडं वाकडी होतात. पण २५ चे १६ झालेले तुझ्या केंद्रात दुसरं कोण दाखवणार? खंत एवढीच, ऑक्सिमीटर स्वस्त झाला आणि खिशातली हातोडी गेली.

पाठीच्या मणक्यातून काढलेल्या पाण्याची तपासणी पहिल्या आठवड्यात नॉर्मल येऊ शकते, त्यावरून निदान सोडायचं नाही. स्टिरॉइडचा उपयोग नाही, कुणीही फोनवर सांगो. आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायच्या अँटिबॉडी, किलोमागे रोज ०.४ ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे साठ किलोच्या माणसाला दिवसाला २४ ग्रॅम. श्वासाची नळी घालायची वेळ आलीच तर स्नायू सैल करायला सक्सामेथोनियम नको, रक्तातलं पोटॅशियम उसळतं.

बांबोळीचं मेडिकल कॉलेज तासाहून लांब आहे. गाडीत अंबू बॅग, हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, आहे ना, स्वतः बघ. चिठ्ठीवर सगळ्यात वर मोजलेला आकडा आणि वेळ लिही. ते ९८ खाली कुठेतरी लिहिलंस तरी चालेल.

तुझा,
आकडेवाला