प्रायमरचा टीएम काढताना

पीसीआरसाठी (डीएनएच्या प्रती काढण्यासाठी) प्रायमर, म्हणजे डीएनएचा आखूड तुकडा, मागवलास की ऑर्डरसोबत आलेल्या कागदावरचा टीएम, म्हणजे निम्म्या जोड्या सुटतात ते तापमान, तसाच उचलू नकोस. तो बहुतेकदा ५० मिलिमोलर सोडियम धरून, मॅग्नेशियम शून्य मानून काढलेला असतो. तुझ्या ट्यूबमध्ये मात्र, समज, १.५ मिलिमोलर मॅग्नेशियम आहे आणि ते डीएनएच्या दोन साखळ्यांना सोडियमपेक्षा कितीतरी जास्त घट्ट धरून ठेवतं. त्यातलंही सगळं मोकळं नसतं बरं का. चारही डीएनटीपी (नवं डीएनए बांधायचे सुटे घटक) ०.२ मिलिमोलर प्रमाणे घातलेस की एकूण ०.८ होतात आणि जवळपास तेवढंच मॅग्नेशियम बांधून ठेवतात. उरलं ०.७. कॅल्क्युलेटरमध्ये सोडियम-पोटॅशियम, मॅग्नेशियम, डीएनटीपी आणि प्रायमरची खरी संहती, सगळं भर.

'ए-टीला २, जी-सीला ४', म्हणजे दर ए किंवा टी बेसला २ अंश आणि जी किंवा सीला ४ अंश धरून बेरीज, हे गणित अगदी आखूड तुकड्यांपुरतं. २० बेसच्या प्रायमरला ते लावणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे. नीअरेस्ट नेबर पद्धत निवड, ती शेजारशेजारच्या बेसच्या जोड्यांवरून टीएम काढते. त्यासाठी वापरली जाणारी संशोधक सांतालुसियाची १९९८ची मूल्यं १ मोलर सोडियमची आहेत, त्यामुळे क्षारांची दुरुस्ती चालू आहे ना, ते बघ.

डीएमएसओ (साखळ्या सुटायला मदत करणारं द्रावक) घालणार असशील तर टीएममधून दर टक्क्याला साधारण अर्धा ते पाऊण अंश वजा कर. आणि एवढं करूनही ग्रेडियंट, म्हणजे एकाच वेळी वेगवेगळ्या तापमानांना पीसीआर, लावच. माझा आकडा अजूनही दोन-तीन अंशांनी चुकतो.