वाचकांचे प्रश्न : उत्सर्जन कोणाच्या खात्यावर?

प्रश्न : शिरोली औद्योगिक वसाहतीत आमची बिडाची कास्टिंग तयार करणारी फाउंड्री आहे. आम्ही ज्या मोठ्या ट्रॅक्टर कंपनीला माल पुरवतो, तिने यंदा स्कोप १, स्कोप २ आणि स्कोप ३ अशा तीन सदरांत आमच्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे आकडे मागितले आहेत. मी लेखा विभागात काम करतो. कोणती बाब कोणत्या सदरात धरायची आणि असे तीन भाग मुळात का केले आहेत?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ही वर्गवारी ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ या नियमावलीतील आहे. वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूट आणि वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट या दोन संस्थांनी ती तयार केली. तिची पहिली आवृत्ती २००१ मध्ये आणि सुधारित आवृत्ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून जो जबाबदारी व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला, त्यातही हेच तीन स्कोप आहेत. स्कोप १ आणि २ ची माहिती त्यात आवश्यक आहे, तर स्कोप ३ ची ऐच्छिक. तुमची फाउंड्री सूचिबद्ध नसेलही, पण तुमच्या ग्राहकाला स्वतःचा स्कोप ३ मांडायचा असेल, तर त्याला तुमच्या आकड्यांवाचून पुढे जाता येत नाही.

तीन भाग पाडण्यामागे एकच कसोटी आहे : वायू जिथून प्रत्यक्ष हवेत जातो, तो उगम कोणाच्या मालकीचा किंवा ताब्यातील आहे? उगम तुमचा असेल तर स्कोप १. तुम्ही विकत घेतलेली वीज, वाफ, उष्णता किंवा शीतकरण तयार करताना दुसऱ्याच्या आवारात झालेले उत्सर्जन स्कोप २. तुमच्या व्यवसायामुळे होणारे, पण दुसऱ्यांच्या ताब्यातील उगमांतून निघणारे बाकी सगळे उत्सर्जन स्कोप ३. म्हणूनच कागद हाती घेण्याआधी कंपनीची सीमा ठरवावी लागते. त्यासाठी भागभांडवलातील हिस्सा, आर्थिक नियंत्रण आणि कामकाजावरील नियंत्रण असे तीन मार्ग नियमावलीत आहेत. तुमच्यासारख्या कारखान्याला तिसरा मार्ग सोपा पडतो. भाड्याने आणलेला जनरेटर तुमची माणसे, तुमच्या गरजेनुसार चालवत असतील, तर तो दुसऱ्याच्या मालकीचा असूनही त्यातील डिझेल तुमच्या स्कोप १ मध्ये येईल. एकदा निवडलेला मार्ग दरवर्षी तोच ठेवावा, नाहीतर एका वर्षाची दुसऱ्याशी तुलना करता येणार नाही.

आता तुमच्या भट्टीकडे येऊ. कुपोला (कोक, म्हणजे प्रक्रिया केलेला दगडी कोळसा, जाळून लोखंड वितळवणारी) भट्टी असेल तर तिच्यातील कोक हा स्कोप १ चा मोठा भाग असतो. एक किलो कोक जळला की ढोबळमानाने तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. धातुमळी (वितळलेल्या धातूवरचा मळ) पातळ व्हावी म्हणून टाकलेल्या चुनखडीतूनही वायू निघतो, शुद्ध चुनखडीच्या किलोमागे सुमारे ०.४४ किलो, आणि इंधन नसल्यामुळे ती बाब हिशेबातून नेमकी निसटते. जनरेटर, फोर्कलिफ्ट आणि कारखान्याच्या मालकीच्या गाड्या यांचे डिझेल लिटरमागे सुमारे २.७ किलो धरावे. कँटीनचा गॅसही इथेच येतो. कोअर (कास्टिंगमधील पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बनवताना सोडियम सिलिकेटच्या वाळूत कार्बन डायऑक्साइड सोडण्याची पद्धत तुमच्याकडे असेल, तर सिलिंडरमधील जो वायू हवेत जातो, तोही इथेच नोंदवावा.

स्कोप २ साठी महावितरणची बारा बिले पुरेशी आहेत. देशाच्या ग्रीडमधील विजेच्या एका युनिटमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो, तो आकडा केंद्रीय विद्युत प्राधिकरण प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत तो ०.७ किलोच्या आसपास आहे. युनिटची संख्या त्याने गुणायची. मात्र वीज तारांमधून तुमच्यापर्यंत येताना जी गळती होते, तिचे उत्सर्जन स्कोप २ मध्ये न धरता स्कोप ३ मध्ये धरतात.

स्कोप ३ साठी २०११ मध्ये स्वतंत्र मानक आले आणि त्यात १५ प्रकार आहेत. पहिले आठ तुमच्याकडे येणाऱ्या वस्तू व सेवांशी आणि कामकाजाशी संबंधित आहेत, नंतरचे सात तुमच्याकडून पुढे जाणाऱ्या मालाशी आणि गुंतवणुकीशी. तुमच्या बाबतीत पिग आयर्न (लोहखनिजापासून काढलेले कच्चे लोखंड), भंगार, वाळू, रेझिन, ट्रान्सपोर्टरचे ट्रक, टाकून दिलेली वाळू आणि कामगारांचे येणे-जाणे या मुख्य नोंदी होतील. माझा आग्रह असा, की सगळ्यांत आधी पिग आयर्नकडे पाहावे. ते कोकवर चालणाऱ्या झोतभट्टीत तयार होते आणि त्याचा उत्सर्जनभार भंगाराच्या कित्येक पट असतो. ते किती टन घेतले, हे खरेदी नोंदवहीत असतेच. एवढी एक नोंद नीट झाली की स्टेशनरीच्या खरेदीत दिवस घालवण्याची गरज उरत नाही.

एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. समजा, तुमच्या कुपोलात टनभर धातूसाठी १३० किलो कोक लागतो. म्हणजे सुमारे ३९० किलो कार्बन डायऑक्साइड, सगळा स्कोप १ मध्ये. आता ती भट्टी बंद करून विजेवर चालणारी इंडक्शन भट्टी बसवली आणि टनामागे ६०० युनिट वीज लागली, तर ग्रीडच्या विजेवर सुमारे ४२० किलो होतात आणि ते सगळे स्कोप २ मध्ये जातात. धातू वितळवण्यापुरता तुमचा स्कोप १ शून्यावर आला, वातावरणात जाणारा वायू मात्र कमी झाला नाही. भट्टी बदलण्याची इतर चांगली कारणे आहेत : शिरोलीच्या हवेतील धूळ आणि धूर घटतो, धातूच्या दर्जावर ताबा राहतो, आणि पुढे सौर वीज घेता आली तर उत्सर्जन खरोखरच खाली येते. पण ‘आम्ही स्कोप १ मध्ये मोठी घट केली’ असे वाक्य कोणत्याही अहवालात दिसले, तर त्याच वर्षाचा स्कोप २ आणि ३ पाहिल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नये. भट्टीचे काम बाहेर जॉबवर्कला दिले, तरी असाच बदल दिसतो; तेव्हा आकडा स्कोप ३ मध्ये जाऊन बसतो.

एकच उत्सर्जन तीन ठिकाणी दिसते, ही काही हिशेबातील चूक नव्हे. औष्णिक केंद्रात जळालेला कोळसा त्या केंद्राचा स्कोप १, तुमचा स्कोप २ आणि ट्रॅक्टर कंपनीचा स्कोप ३ असतो. दोन कंपन्यांचा स्कोप १ एकमेकांत मिसळू नये, याची काळजी नियमावली घेते. स्कोप ३ मध्ये अशी पुनरावृत्ती गृहीत धरलेली आहे. म्हणून वेगवेगळ्या कंपन्यांचे तिन्ही स्कोप एकत्र करून जिल्ह्याचे किंवा राज्याचे उत्सर्जन काढता येत नाही.

प्रश्न : मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कंपनीच्या अहवालात विजेचे उत्सर्जन शून्य दाखवले आहे, पण इमारतीला वीज तर ग्रीडमधूनच येते. शिवाय आम्ही हजारो कर्मचारी रोज हिंजवडीच्या वाहतुकीत अडकतो, त्याचा हिशेब कुठे असतो?
— एक वाचक, पुणे

उत्तर : स्कोप २ विषयी २०१५ मध्ये जे मार्गदर्शन आले, त्यानुसार विजेचे उत्सर्जन दोन पद्धतींनी मोजतात. पहिल्या पद्धतीत तुम्ही ज्या ग्रीडवर आहात त्याची सरासरी लावतात. दुसरीत कंपनीने केलेले वीजखरेदीचे करार आणि घेतलेली अक्षय ऊर्जा प्रमाणपत्रे विचारात घेतात. तुमच्या कंपनीने सगळ्या विजेइतकी प्रमाणपत्रे घेतली असतील, तर दुसऱ्या पद्धतीचा आकडा शून्य येऊ शकतो. असे करार किंवा प्रमाणपत्रे जिथे मिळतात, त्या बाजारपेठेत काम करणाऱ्या कंपनीने दोन्ही आकडे द्यावेत, असे मार्गदर्शनात स्पष्ट आहे. तेव्हा अहवालात पहिल्या पद्धतीचा आकडा शोधा. तो तळटीपेत दडवलेला असला तरी कंपनीने विजेचा वापर कमी केला का, हे त्यावरूनच अधिक चांगले कळते. कंपनीच्या दीर्घकालीन करारामुळे नवा सौर प्रकल्प उभा राहिला असेल, तर त्याला मी अधिक मोल देईन. आधीपासून चालू असलेल्या प्रकल्पाची प्रमाणपत्रे वर्षाअखेरीस स्वस्तात घेतली, तर ग्रीडमध्ये फारसे काही बदलत नाही, आणि आजच्या नियमांत हे दोन्ही व्यवहार कागदावर सारखेच दिसतात, ही त्यांची खरी उणीव आहे.

तुमचा रोजचा प्रवास स्कोप ३ मधील सातव्या प्रकारात येतो, मग तो स्वतःच्या दुचाकीवर असो, पीएमपीएमएलच्या बसने असो किंवा कंत्राटदाराच्या बसने. बस कंपनीच्या मालकीची असेल, तर मात्र तिचे डिझेल स्कोप १ मध्ये जाते. परदेशी ग्राहकाकडे केलेला विमानप्रवास सहाव्या प्रकारात मोडतो. घरून काम करताना वापरलेली वीज सातव्या प्रकारात दाखवण्याची मुभा आहे, सक्ती नाही.

प्रश्न : आमच्या साखर कारखान्याच्या धुराड्यातून गाळपाच्या हंगामात दिवसरात्र धूर निघतो, तरी सल्लागाराने काढलेला स्कोप १ अगदी लहान आहे. हे योग्य आहे का? सहवीजनिर्मितीतून आम्ही वीज विकतो, ती वजा करता येईल का?
— एक सभासद, सांगली जिल्हा

उत्तर : बॉयलरमध्ये बगॅस (उसाचा चोथा) जळत असेल, तर ते योग्य असू शकते. उसाने वाढताना हवेतून घेतलेला कार्बन बगॅस जळल्यावर हवेत परत जातो, म्हणून हा कार्बन डायऑक्साइड तिन्ही स्कोपच्या बाहेर, पण त्याच अहवालात वेगळा नोंदवायचा असतो. वेगळा म्हणजे वगळलेला नव्हे. तो आकडा अहवालात कुठेच नसेल, तर सल्लागाराला अवश्य विचारा. बगॅस जळताना निघणारा मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मात्र स्कोप १ मध्येच धरतात, कारण शंभर वर्षांच्या काळात त्यांचा तापवण्याचा परिणाम कार्बन डायऑक्साइडच्या अनुक्रमे २८ आणि २६५ पट असतो, असे हवामान बदलविषयक आंतरशासकीय समितीच्या पाचव्या अहवालात दिले आहे. हंगाम संपल्यावर बॉयलरला कोळसा लावला, तर तोही स्कोप १ मध्ये येतो. तुमच्याकडे आसवनी (मद्यार्काचा कारखाना) असेल, तर तिकडे विशेष लक्ष द्या. आंबवताना निघणारा कार्बन डायऑक्साइड बगॅसप्रमाणेच वेगळा नोंदवला जातो, पण स्पेंटवॉश (आसवनीचे सांडपाणी) उघड्या तळ्यांत साठवल्यास त्यातून मिथेन निघतो आणि त्याची जबाबदारी पूर्णपणे कारखान्याची असते.

विकलेली वीज वजा करता येत नाही. ती तयार करताना तुमच्या आवारात झालेले उत्सर्जन तुमचेच राहते. वीज किती विकली, ही माहिती अहवालात स्वतंत्रपणे देता येते. कारखाना आपल्या खर्चाने कंत्राटी ट्रॅक्टर लावून ऊस आणतो, ती वाहतूक स्कोप ३ च्या चौथ्या प्रकारात येते. उसाला दिलेल्या युरियातून शेतात निघणारा नायट्रस ऑक्साइड खरेदी केलेल्या मालाच्या पहिल्या प्रकारात येतो. साखर कारखान्यांच्या अहवालांत या शेवटच्या बाबीकडे फार दुर्लक्ष होते, असे मला वाटते. ठिबकमधून मोजून खत देणाऱ्या सभासदांमुळे झालेली घट दाखवायची असेल, तर ती याच जागी दिसू शकते.

प्रश्न : कार्यालयातील एसीमध्ये वर्षातून एकदा गॅस भरतो. तो कुठे नोंदवायचा?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : एसी तुमच्या ताब्यात असतील, तर वर्षभरात जेवढा गॅस नव्याने भरावा लागला, तेवढा गळाला असे धरून तो स्कोप १ मध्ये नोंदवावा. आर-४१०ए हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट तीव्र आहे, त्यामुळे दोन किलोची गळतीसुद्धा जवळपास चार टनांची नोंद होते. जुन्या यंत्रांत आर-२२ असेल, तर तो ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या माँट्रियल कराराखाली येतो आणि नियमावलीतील सात वायूंमध्ये त्याचा समावेश नाही. म्हणून त्याचा आकडा स्कोपच्या बाहेर वेगळा द्यावा. यासाठी दुरुस्तीच्या बिलावर गॅसचे नाव आणि किलोमधील वजन लिहून घ्या; नुसते ‘गॅस चार्जिंग’ लिहिलेल्या बिलावरून हिशेब करता येत नाही.